दोन पावलं मागे

"पुणे-सान, दोन पावलं मागे!"

जपानमध्ये, कावासाकीत स्टेशनबाहेर पत्रकं वाटायला उभे राहिलो की आजोबांचं पहिलं वाक्य हेच. मी पुण्याचा, म्हणून पुणे-सान. बोलता बोलता पत्रकाच्या चार घड्या घालून ते तळहाताएवढं करायचे. मला चीड यायची. पुण्यात मी लोकांच्या तोंडासमोर धरून पत्रकं वाटली आहेत. लपवायचं कशाला?

"खिशात मावलं की माणूस घेतो," ते म्हणायचे. "वाचेल घरी, दार लावून."

आजोबा ऐंशीच्या घरातले, वेल्डिंगच्या कामाने बोटं भाजलेली. मूळचे ओकिनावाचे. त्यांच्या बेटांवर स्वतंत्र राज्य होतं, ते जपानच्या साम्राज्याने गिळलं. युद्धानंतर अमेरिका बसली, मग बेटं पुन्हा जपानच्या हवाली. तिथल्या माणसांना विचारलं कोणी? शाळेत स्वतःच्या भाषेत बोलले म्हणून यांच्या गळ्यात शिक्षेची लाकडी पाटी अडकवली होती. पत्रकात मागणी एकच: आमच्या बेटांचं आम्हाला ठरवू द्या.

माझा व्हिसा वाढवायचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता. ऑफिसातल्या टीम लीडने बजावलं होतं, "अडकलास तर कंपनी हात वर करेल."

एका शनिवारी दोन पोलीस सरळ माझ्याकडेच आले. "रेसिडेन्स कार्ड?" माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा.

आजोबा मध्ये घुसले. गठ्ठा हिसकावून घेतला. "हा नुसता माझी पिशवी उचलतो. आधी माझं बघा." आणि खिशातून पिवळा पडलेला पासपोर्ट काढला. बेटांवर अमेरिका होती तेव्हा, तरुणपणी तिथून इथे कामाला यायला लागलेला.

कोवळ्या पोलिसाने तो उलटसुलट पाहिला. "पण तुम्ही तर जपानी ना?"

"साठ वर्षं हाच प्रश्न मी तुम्हाला विचारतोय."

माझ्या कार्डाचा नंबर टिपून पोलीस गेले. मी भडकलो, तो आजोबांवरच. "खोटं का बोललात? पत्रकं वाटत होतो मी!"

"तुला हाकलतील. मला हाकलून कुठे धाडणार? बेटावर? धाडू देत की!" खो खो हसले, मग खोकले. बराच वेळ खोकले.

हिवाळ्यात ते गेले.

काल शनिवार होता. व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी त्यांच्या जागेवर उभा राहिलो. पत्रकं उघडी धरली, कोणी घेईना. मग एकाच्या चार घड्या घातल्या. एका बाईने ते माझ्याकडे न बघता मुठीत घेतलं आणि गेली.

मागे दोन पावलांवर, जिथे मी उभा असायचो, तिथे त्यांची पिशवी ठेवली होती.