ताईची दोन साउंड कार्डं

ताईचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. पाचच्या पाळीला सूतगिरणीच्या फाटकात उभं राहायचं, तर त्याआधी घरातलं पाणी भरून, डबा बांधून व्हायला हवा. एकतीस वर्षं. उशिराचा शेरा एकही नाही.

सूत कातणाऱ्या चात्यांच्या खात्यात इतका खडखडाट, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे. बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. कानात घालायला ताईने एकदा बोटभर कापूस मागितला. मुकादम म्हणाला, "माल आहे तो. चोरी लागेल." कापसाच्या गिरणीत कानाला कापूस नाही!

ती निवृत्त झाल्यावर डॉक्टरने लिहून दिलं: बारीक आवाज गेले, उरलेले दोन-तीन वर्षांत जातील. भरपाई मागितली, तर गिरणीचं उत्तर आलं: कान वयोमानाने गेले. मी ते पत्र टराटरा फाडलं. ताईने तुकडे चिकटवून ठेवले. "शिव्या द्यायला समोर काहीतरी पाहिजे ना," म्हणाली.

तिच्या मुलाने घर सोडताना जुना कॉम्प्युटर मागे ठेवला होता. त्यात एक खेळ. बंदूक घेऊन तळघरांतून हिंडायचं, राक्षस मारायचे. साठीनंतर ताई त्यात पडली. राक्षसांना ती मुकादम म्हणायची आणि नेम धरून मारायची.

कॉम्प्युटरमधल्या साउंड कार्डावर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पट्टीवर, खेळाचं संगीत असं वाजायचं की छातीत जाणवावं. पण त्याचा अर्धा भाग जळालेला. गोळीचा आवाज नाही, पावलांचा नाही. मुकादम मागून यायचा आणि ताई मरायची. जुन्या बाजारातून तिने दुसरं कार्ड आणलं. त्यात पावलं ठणठणीत, संगीत मात्र डब्यात कोंडलेल्या डासासारखं. तिला ते ऐकूच येईना.

दुकानदार म्हणाला, "आजी, एकच ठेवा की. नाहीतर नवीन मशीन घ्या."

"आजी असेल तुझ्या घरी," ताई म्हणाली. "मला दोन्ही ऐकायचंय. गिरणीने ऐकवलं ते मुकाट ऐकलं. आता थोडं उरलंय, ते माझ्या पसंतीचं ऐकणार."

काम माझ्याकडे आलं. मी तिचा धाकटा भाऊ, जन्मभर फिटर. दुसरं कार्ड पहिल्याशेजारी नीट बसवलं. पहिल्याचा आवाज बारक्या तारेने दुसऱ्यात सोडला, म्हणजे स्पीकरमध्ये दोन्ही एकत्र येतील. कार्डांवर मसुरीएवढ्या काळ्या टोप्या असतात. कार्डाने कॉम्प्युटरला हाक मारायचा नंबर त्या सरकवून ठरवायचा. पहिल्याचा पाच होता. दुसऱ्यालाही पाच दिला. आमच्या धंद्यात जोडाच्या दोन्ही भागांवर एकच नंबर ठोकतात. नंबर चुकला की मशीन स्वतःलाच खातं.

खेळ सुरू झाला. संगीत आलं. ताईने गोळी झाडली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. एकच सूर, "ऊंऽऽ."

तीन दिवस खोललं, पुसलं, बसवलं. तेच. शेवटी मी पेचकस आपटला. "कार्डच भिकार आहे!"

"कार्डाला कशाला शिव्या देतोस? काय केलंस ते सांग. एकेक करून."

तिच्याकडे तोंड करून सांगत गेलो. नंबरापाशी तिने हात वर केला.

"दोन्हीला पाच? गाढवा! आमच्या खात्यात एकदा दोघींना एकच टोकन दिलं होतं. नंबर पुकारला की दोघी पुढे. महिनाभर दोघींचा पगार अडकला. हाक मारायचा नंबर ज्याचा त्याला वेगळा नको?"

चाळीस वर्षं हत्यार धरलेला माणूस मी. अंगाची लाही झाली, आणि राग धरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दुसऱ्या कार्डाची टोपी सातवर सरकवली.

संगीत सुरू झालं. गोळी सुटली. संगीत चालूच राहिलं. मग पाठीमागे पावलं वाजली आणि ताई गर्रकन वळली. "आला मेला!" मुकादम आडवा.

गिरणीने भरपाईचा छदाम दिला नाही, पुढेही देणार नाही. ताईच्या मजुरीतलं खाऊन-पिऊन जे उरलं, त्यातून एवढंच आलं: एक जुनं कार्ड, हातभर तार आणि दोन दांडगे स्पीकर. शेजारी तक्रार करतात. करू देत.