संगिताचं राहून गेलेलं लग्न

संगिता कॅनडाला का गेली, हे तलासरीकडच्या उधव्याच्या बाजूच्या त्या पाड्यावर विचारलंत तर माणसागणिक वेगळं उत्तर मिळेल. पोरीच्या शिक्षणासाठी गेली, असं म्हणणारे आहेत. नविनच्या ताडीला कंटाळून गेली, असंही सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या स्वतःच्या हातात त्या वेळी ताडीचा ग्लास असतो. तिची चुलत जाऊ बुधी आडपडदा ठेवत नाही. ती म्हणते, "डहाणूला हॉस्पिटलात पांढरे कपडे घालून फिरली ना, मग पाड्यावरची चूल कशाला रुचंल?" बुधीची जीभ तिखट खरी, पण ती अगदीच खोटं बोलत नव्हती.

संगिता आश्रमशाळेतून बारावी झालेली, नर्सिंगचा कोर्स केलेली. पाड्यावरची पहिलीच. डहाणूच्या एका खासगी हॉस्पिटलात तिने दहाएक वर्षं काढली. सुई लावायला तिच्यासारखा हात नव्हता, पण डॉक्टरांच्या बायकोसाठी ती शेवटपर्यंत "ए बाई"च राहिली. वसईहून, सुरतेहून आलेल्या काल परवाच्या पोरी "सिस्टर" झाल्या आणि ही त्यांच्यासाठी चहा सांगायला जायची. लिसी नावाची केरळची एक सिस्टर तेवढी तिच्याशी बरोबरीने बोलायची. ती कॅनडाला गेली आणि एकदा फोनवर बोलून गेली, "संगिता, इथे कुणी विचारत नाही, तू कुठल्या पाड्यावरची."

हे एक वाक्य संगिताच्या डोक्यात रुतून बसलं. पोरीचं शिक्षण, पक्कं घर, सासूचं औषधपाणी ही कारणं तिने नंतर गोळा केली. तीही खरीच होती. पण ती गेली ती त्या एका वाक्यासाठी, आणि ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही.

आता नविनचं सांगायला हवं. नविन टेम्पोवाला. घोलवडच्या वाड्यांमधून चिकूच्या पेट्या भरायच्या आणि स्टेशनला नाहीतर हायवेला पोचवायच्या, हे त्याचं काम. संगिता त्याच्या घरी राहायला आली तेव्हा विशीची होती. वर्षभरात रविना झाली. लग्न मात्र लागलेलं नव्हतं. यात भुवया उंचावण्यासारखं काही नाही, आपल्या पाड्यांवर हे असंच चालतं. दोघं राजीखुशीने एका घरात राहिली, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, की ती नवराबायको. लग्न लावणं हा पुढचा भाग. धवलेरी बोलवायची, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. मांडव घालायचा, साऱ्या पाड्याला जेवण आणि ताडी द्यायची. ते जमेल तेव्हा करायचं. कुणाचं दोन वर्षांत होतं, कुणाचं वीस वर्षांनी. फक्त एक आहे. पोरांचं लग्न लावायचं तर आधी आईबापाचं लागलेलं पाहिजे. म्हणून कितीतरी घरांत एकाच मांडवात आधी आईबाप बसतात आणि मागून पोरगी बसते. त्याला कुणी हसत नाही.

संगिता आणि नविनही असंच म्हणायची. रविनाच्या वेळी आपलं उरकून घेऊ.

कॅनडाला माणसं पाठवणारा वापीचा एजंट मात्र पाड्यावरचा नव्हता. २०१४ च्या उन्हाळ्यात संगिता त्याच्या एसी ऑफिसात बसली, तेव्हा त्याने अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलत पहिला प्रश्न टाकला, "शादी थई गई?"

"नाही," संगिता म्हणाली. ती खरं बोलली होती.

"बच्चा?"

ती थांबली. एजंटने वर पाहिलं आणि तो हसला. "शादी नहीं, तो बच्चा किधर से आएगा? सिंगल लिखता हूँ. सिंगल का काम जल्दी होता है."

त्याच घडीला तिने तोंड उघडायचं होतं. रविना चौदा वर्षांची होती, चांगली हाडामांसाची, सकाळी हिच्याच हातची भाकरी खाऊन शाळेत गेलेली. पण समोरच्या माणसाला पाड्याची रीत समजावत बसायची म्हणजे पुन्हा तेच, तू कुठल्या पाड्यावरची. तिला लाज वाटली. "बच्चा नाही," ती म्हणाली. घरी आल्यावर हे तिने नविनला हसत सांगितलं, आणि नविनही हसला. कागदावर काय लिहिलंय याचं पाड्यावर कुणाला सोयरसुतक होतं?

कॅनडात तिच्या वाट्याला एक इंग्रज म्हातारी आली. डोरोथी तिचं नाव. टोरोंटोपासून लांबच्या एका गावात मोठ्या घरात एकटी राहायची. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हे संगिताचं काम. लिसी म्हणाली होती ते शब्दशः खरं निघालं. तिथे कुणी विचारलं नाही, तू कुठल्या पाड्यावरची. खरं तर तिथे कुणी काहीच विचारलं नाही. शेजारचा माणूस चार वर्षं तिला हात हलवून "हाय" म्हणाला आणि त्याला तिचं नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि हा डोंगर तर बर्फाचा.

डोरोथी बोलकी होती. तिचा नवरा विलायतेत गिरणीत होता, लग्नानंतर लगेच दोघं बोटीने इकडे आली. का आली, हे ती रोज नवं सांगायची. एक दिवस म्हणायची, तिकडे घराच्या भिंतींना ओल होती. दुसऱ्या दिवशी, नवऱ्याच्या भावाने कळवलं होतं की इकडे नळाला गरम पाणी येतं. कधी म्हणायची, पोरांचं भलं होईल म्हणून. पोरं मोठी झाली ती हजार मैलांवर जाऊन बसली आणि नाताळला फोन करायची. डोरोथीची आई तिकडे वारली, बहीण वारली, हिला एकीचंही तोंड दिसलं नाही. "चार वर्षं राहून परत जाणार होतो आम्ही," असं म्हणून ती एकदा खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कारणं सगळी खरी होती गं. तरी चुकलंच."

संगिताने तिचे पाय पुसता पुसता मान हलवली. त्याच महिन्यात पाड्यावर तिची सासू बायजी अंथरुणाला खिळली होती. इथे ही परक्या म्हातारीचे पाय पुसत होती आणि तिकडे हिच्या सासूचे पाय पुसायला दुसरी बाई ठेवावी लागली. या व्यवहाराला काय म्हणावं? पैसे मात्र दर महिन्याला पोचत होते. घरावर स्लॅब आला, रविनाला मोबाईल आला.

ती दुसरी बाई म्हणजे भिकी. कासा गावाच्या बाजूची, नवरा गेलेली, घोलवडच्या वाडीत चिकू काढायला जायची. नविनच्या टेम्पोतून येता जाता ओळख झाली. बायजीला सांभाळायला म्हणून ती घरात आली. बायजी वारली, भिकी राहिली. फोनवर मागून तिचा आवाज यायचा, "रविना, जेवून घे गो." संगिताने कधी विचारलं नाही आणि नविनने कधी सांगितलं नाही. विचारलं नाही तोवर आपल्याला ठाऊक नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

कायम राहायच्या परवान्यासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा तिकडच्या ऑफिसातल्या बाईने पुन्हा विचारलं, नवरा, मूल, कुणी आहे का? आता खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडेल, सगळंच रद्द होईल. आधी परवाना हातात येऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. "कुणी नाही," ती म्हणाली. लाजेने एकदा बोललेलं खोटं ती भीतीने दुसऱ्यांदा बोलली. परवाना मिळाला.

मग २०१८ च्या अखेरीस डहाणू तलासरीची जमीन हलायला लागली. रोज धक्के. भिंतींना चिरा गेल्या, माणसं थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायला लागली. रविना फोनवर रडली. "आय, मना घेऊन जा. पासपोर्ट काढून ठेवलाय मी." संगिता दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेली. वकील भला माणूस होता, त्याने दोनदा समजावून सांगितलं. अर्जाच्या वेळी जे मूल तुम्ही सांगितलंच नाही, ते आता तुम्हाला बोलावता येणार नाही. ती म्हणाली, ती माझी मुलगी आहे हो, माझ्या पोटची. तो म्हणाला, माझा विश्वास आहे, पण तुम्हीच नाही म्हणालात.

हे रविनाला सांगताना तिने बराच आडोसा घेतला. नियम आहे, कागद आहेत, असं काहीबाही. पण पोरगी बारावी झालेली होती. तिने विचारलं, "तू त्यांना काय सांगितलं होतंस?" संगिताने सांगितलं. पलीकडून आवाज आला तो भिकीचा. "ताई, ती भायेर गेली. मागून बोला."

डोरोथी त्या फेब्रुवारीत गेली. पोरं आली, दोन दिवस थांबली, घर विकायला काढून निघून गेली. संगिताने सामान बांधलं. वैशाखात रविनाचं लग्न ठरलं होतं, तलवाड्याच्या मुलाशी. म्हणजे त्याच मांडवात आधी आईबापाचं लागणार. आपलं लग्न. तिने मनाशी पक्कं केलं की लग्न लावून घ्यायचं, परत जायचंच नाही, डहाणूला पुन्हा नोकरी धरायची, त्यांनी "ए बाई" म्हटलं तर म्हणू दे. डहाणूच्या बाजारात उतरून तिने स्वतःसाठी पिवळं लुगडं घेतलं. चाळिशीला आलेली बाई दुकानदारासमोर नव्या नवरीसारखी लाजली.

नविन तिला घ्यायला चारोटीला आला होता. टेम्पो तोच, केस पांढरे झालेले. अर्ध्या वाटेत तिनेच विषय काढला. "सोमीला सांगितलंस ना? आधी आपलं लावायला लागंल."

सोमी म्हणजे धवलेरी. नविनने टेम्पो कडेला घेतला.

"सांगितलंय," तो म्हणाला. "पण मांडवात भिकी बसंल."

"मी रविनाची आय आहे, नविन."

"मना नको सांगू. रविनाला सांग. तिनेच ठरवलंय."

रविना दारातच उभी होती. उंच झाली होती, आणि नाक तर अगदी संगिताचंच. तिने बॅग घेतली, पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं. संगिताला राहवलं नाही. "मी तुझ्यासाठीच गेली होती गो," ती म्हणाली.

"माझ्यासाठी गेली," रविना म्हणाली, "आन् कागदात मीच नाय?"

रविना पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. "आजीचं भिकीमायने केलं. धरती हलायची तवा मी तिच्या पदरात झोपायची. मी कोण, ते तिने कधी कोणापासून लपवलं नाय. तुझा राग नाय मना. तू जेव, निवांत राहा, मांडवात ये."

लग्नाच्या आदल्या सकाळी सोमीने नविन आणि भिकीचं लग्न लावलं. बुधी नाचली, पोरंटोरं नाचली. संगिता मागे बायकांत उभी होती. पिवळं लुगडं बॅगेतच राहिलं. तिला भिकीचा राग करायचा होता, पण तोही धड जमेना. बाईने तिचं काहीच चोरलं नव्हतं. टाकून दिलेलं उचलून जपलं होतं.

दुपारी घरात चौक लिहायला सवाशिणी बसल्या. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायचा, आणि तो लग्न लागलेल्या बायकांनीच काढायचा, ही रीत. पहिली रेघ भिकीने ओढली. संगिताला भिंतीला हात लावता येत नव्हता, कारण तिचं लग्न लागलेलंच नव्हतं. ती कोपऱ्यात भिजवलेले तांदूळ वाटायला बसली. नवरी रविना हळदीच्या अंगाने पलीकडे बसून बघत होती.

भिकीची मावशी हिराबाई पहिल्यांदाच या घरी आली होती. ती संगिताशेजारी टेकली आणि म्हातारीच्या सवयीप्रमाणे चौकशी सुरू केली. कुठल्या? कुणाच्या? कॅनडा म्हणजे मुंबईच्या पुढे काय? आणि मग, "तुना पोरंबाळं किती गो?"

पाट्यावरचा हात थांबला. संगिताने या वेळी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, पण खरं बोलायचा हक्क आपल्याकडे उरलाय का, हे तिला कळेना. तिने रविनाकडे पाहिलं. तिला एवढंच पाहिजे होतं, की पोरीने म्हणावं, ही माझी आय.

रविना भिंतीकडेच बघत होती. तिने मान वळवली नाही.

"तिला पोर नाय, आजी," ती म्हणाली. "कॅनडाला तसंच लिहिलंय."

हिराबाईने च्च् केलं आणि संगिताच्या पाठीवरून हात फिरवला. "देव बघतो सगळं, पोरी," ती म्हणाली. भिंतीकडून भिकीने विचारलं, "ताई, पीठ पुरंल ना?"

"पुरंल," संगिता म्हणाली, आणि पाट्यावर आणखी मूठभर तांदूळ घेतले.