तोटीखालचा थेंब

थेंबमास्तरांना कशाचीही चटकन किळस यायची. कपाच्या तळाशी चिकटलेली कालची साखर, ओल्या हातानं चाळलेलं वर्तमानपत्र, जेवताना मचमच करणारे व्याही, यातलं नुसतं काही आठवलं तरी त्यांचं नाक आक्रसायचं आणि तोंडातून ‘शी’ बाहेर पडायची. पण सगळ्यात जास्त किळस त्यांना यायची ती चहा ओतून झाल्यावर किटलीच्या तोटीखालून ओघळणाऱ्या थेंबाची. मास्तर कुंभार होते. चाळीस वर्षं मातीच्या किटल्या करत आले होते आणि त्या थेंबाशी त्यांनी उभा दावा मांडला होता. नावही त्यावरूनच पडलेलं.

भट्टीतून निघालेली प्रत्येक किटली ते मागच्या अंगणात नेऊन पाण्यानं भरायचे, बादलीत धार सोडायचे आणि मध्येच मनगट झटकन वर करायचे. धार तिथल्या तिथे तुटली पाहिजे. एक थेंब जरी तोटीच्या पोटाला चिकटून मागे आला, तरी किटली भिंतीपलीकडच्या खापरांच्या ढिगावर. पास झालेलीच्या बुडाला ते लाल रंगाचा ठिपका लावायचे. त्या ब्रशाला कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही, मुलीनंसुद्धा नाही. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. रोज सकाळी येऊन माती मळायची, भट्टी सांभाळायची, गिऱ्हाइकांची तोंडं गोड ठेवायची. इतक्या वर्षांत तिला बापाच्या तोंडून एक ‘शाब्बास’ ऐकायला मिळाली नव्हती. कौतुकानं हात बिघडतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. हल्ली मात्र त्यांची एक नवी तक्रार सुरू झाली होती. शेजाऱ्याचं झाड वाढलंय, अंगणात उजेडच पुरत नाही म्हणून ते उठता बसता त्या झाडाच्या नावानं खडे फोडायचे.

अशात हस्तकलेच्या दुकानाच्या बाई घरी आल्या. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आवाज लोण्यासारखा. मास्तरांची एक जुनी किटली त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि डोळे मिटले.

“मास्तर, काय सुंदर आहे! फक्त एकच सांगू? फार गुळगुळीत आहे हो. लोकांना वाटतं कारखान्यातली आहे. बोटांचे ठसे राहू द्या ना. थोडी वाकडी झाली तरी चालेल. हातानं केलंय हे दिसायला हवं.”

“ठसे पुसायला मला बारा वर्षं लागली बाई,” मास्तर म्हणाले. “तुमच्या घरी जेवण हातानं करतात ना? मग पानात केस सोडता का, कळावं म्हणून?”

बाई खळखळून हसल्या. तेही त्यांना भारी आवडलं. त्या गेल्यावर मास्तरांनी ती किटली दोनदा धुतली.

मुलीनं दुकानाशी व्यवहार सुरू केला. फळीवरच्या, ठिपक्याच्या किटल्याच द्यायच्या, ढिगाकडे बघायचंही नाही, या अटीवर मास्तरांनी मान हलवली. चार महिन्यांनी दुकानात मास्तरांच्या कामाचं प्रदर्शन लागलं. ‘असल्या ठिकाणी माझा जीव गुदमरतो’ म्हणत म्हणत ते इस्त्रीचा शर्ट घालून मुलीबरोबर गेले.

आत उदबत्तीचा वास आणि कुजबुज. मधोमध पांढऱ्या चौरंगावर, दिव्याच्या झोतात, एकच किटली मांडलेली. आसपास माणसं हात मागे बांधून उभी होती. मास्तर पुढे झाले आणि त्यांचं नाक आक्रसलं. तोटी एका अंगाला कललेली, कड खालीवर, पोटावर बोटांच्या पन्हळी. खाली कार्डावर त्यांचं नाव.

“बघा, बोटं कशी बोलतायत,” बाई कुणाला तरी सांगत होत्या. “किती जिवंत!”

मास्तरांनी मुलीचं मनगट धरलं. “ढिगातनं काढलीस? लाज नाही वाटली?”

“ढिगातली नाही बाबा.”

“मग काय आभाळातनं पडली? हे गचाळ काम माझ्या फळीवर होतं?”

मास्तरांनी सगळ्यांदेखत किटली उचलली, उलटी केली आणि डोळ्यांशी नेली. बुडाला लाल ठिपका होता. पुन्हा नाकाला लागेल इतकी जवळ नेली. ठिपकाच होता.

त्यांनी पाणी मागितलं. किटलीत ओतलं, उजव्या हातानं बाजूच्या फुलदाणीत धार सोडली आणि मनगट वर केलं. थेंब काही दिसला नाही. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा हळूच तोटीखाली लावला. अंगठा ओला झाला.

“हीच तर गंमत आहे!” बाई म्हणाल्या, आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

“शी,” मास्तर म्हणाले. या वेळची शी बाईंसाठी नव्हती.

ते मुलीला घेऊन तडक घरी निघाले. घराच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुला?”

“उन्हाळ्यापासून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तुम्ही झाडावर खेकसलात.”

“आणि थेंबाचं?”

“तिथं खपत होत्या बाबा. लोक कौतुक करत होते. म्हटलं, कशाला तुमचं मन मोडायचं.”

“म्हणजे तूसुद्धा टाळ्याच वाजवल्यास,” मास्तर म्हणाले. त्यांना तिची किळस आली, स्वतःची त्याहून जास्त आली. आपण गावभर ओघळणाऱ्या किटल्या वाटत हिंडलो, आणि सगळ्यांनी गोड मानून घेतल्या. ते नळावर जाऊन अंगठा घासत बसले. चांगला वाळलेला होता, तरी घासत होते.

मग त्यांनी फळी रिकामी करायला घेतली. एकेक किटली अंगणात आणून ओळीनं ठेवली. बादली ओढली, लाल ब्रश आणला आणि मुलीच्या हातात दिला.

“तू ओत. थेंब आला तर आला म्हणायचं. माझी कीव केलीस, तर उद्यापासून इथं पाऊल टाकू नकोस.”

पहिली किटली मुलीनं ओळखली. याच आठवड्यातली होती. चाकावरून उतरवताना मास्तर स्वतःशी गुणगुणत होते, आणि ते क्वचित गुणगुणायचे. तिनं ती भरली, धार सोडली, मनगट वर केलं. मास्तर तोटीकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिनं तोटीखाली अंगठा लावला. “आला, बाबा.”

मास्तरांनी हात पुढे केला. किटली घेतली, क्षणभर तिच्या पोटावरून तळवा फिरवला आणि भिंतीपलीकडे भिरकावली. खापरांवर ती फुटल्याचा आवाज आला.

“शाब्बास,” ते म्हणाले. “पुढची घे.”