बोरदऱ्याची रेंज

फोन विकत घ्यायला येणारी माणसं दुकानदाराला आवडतात, नुसती बघायला येणारी तो सोसतो. पण ज्याला रस्त्यापलीकडं पाहूनच नांदेडच्या अर्ध्या दुकानदारांना एकदम जेवणाची आठवण व्हावी असा माणूस मी एकच पाहिला, आणि योगायोगानं तो माझ्या साडूचा थोरला भाऊ लागतो. घरीदारी सगळे त्यांना आबा म्हणतात. अहमदपूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त आहेत, म्हणजे शाळेतून. तपासण्याची खोड काही सुटलेली नाही. पूर्वी वह्या तपासायचे, आता मोबाईल तपासतात. टॉवर वेगवेगळ्या लहरींवर बोलतो, त्या एकेका लहरीला बँड म्हणतात, आणि फोनला तो बँड कळत नसला तर टॉवर उशाशी असूनही उपयोग नाही, हे ज्ञान मला आबांमुळं झालं. त्याआधी मी रंग बघून फोन घेत होतो आणि सुखी होतो.

मध्यंतरी ते वरचेवर नांदेडला येत. आमच्याकडं उतरायचे, बशीतून चहा प्यायचे आणि "चला पाव्हणं" म्हणून मला पुढं घालून वजिराबादेत न्यायचे. दुकानातला पोरगा कॅमेऱ्याचं कौतुक सुरू करी तोवर आबांनी खोकं उलटं केलेलं असे, खिशातलं भिंग काढलेलं असे, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय छापलंय ते ओठ हलवत वाचणं चाललेलं असे. बाकीचं जग नवा बँड आहे का विचारतं. आबांना जुना हवा असे. नऊशेचा, अगदी पहिल्यावहिल्या बटणाच्या फोनांचा. पोरगा म्हणायचा, काका, आता पाच-जी आलं, जुनं कोण विचारतंय? "मी इचारतोय की," आबा शांतपणे म्हणत. मग दुसरा प्रश्न: गावाचं नाव दाखवतो का? पोरगा उत्साहानं नकाशा उघडून पुढं धरी, म्हणे यात जगातलं कुठलंही गाव दिसतं. आबा खोकं बंद करून परत देत आणि म्हणत, "नकाशात न्हाई ते गाव." हा त्यांचा मास्तरी विनोद असावा असं मला बरेच दिवस वाटायचं, आणि मी हसायचो.

आपल्या फोनापुरतं थांबले असते तर ते आबा कसले? कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याआधी त्यांच्या हातात घरच्यांचे फोन यायचे. चांदणी आणि जाळीची बटणं असलेला कसलासा आकडा दाबून ते फोनाच्या पोटात शिरत, आणि डॉक्टर जिभेकडं बघतो तसं बघून निदान सांगत. ज्या फोनाला एखादा बँड नाही तो त्यांच्या भाषेत बहिरा. भाच्यानं अमेरिकेहून पाठवलेला महागडा फोन वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, घरभर मिरवत असताना आबांनी तो नुसता उलटासुलटा केला आणि म्हणाले, अंगापिंडानं चांगला आहे, पण इकडचं ह्याला ऐकू येणार नाही. झालंही तसंच. तो फोन गच्चीवर नेल्याशिवाय बोलेना, आणि वहिनी पाऊस असला की छत्री घेऊन भाच्याशी बोलायच्या. लातूरला पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर कहरच झाला. मुलगा सरकारी नोकरीत, घरदार चांगलं, पोहे संपले, आणि आबांनी मुलाचा फोन मागून घेतला. "पोरगं लाखात एक हाय," निकाल लागला, "फोन मातर एका कानानं बहिरा. उद्या पोरगी गावाकडनं बोलंल आन ह्यो आवाज येत न्हाई म्हणून ठेवून देईल." माझा साडू लाजेनं अर्धा झाला. पण साखरपुड्याला मुलगा नवा फोन घेऊन आला, आणि बसायच्या आधी त्यानं तो आबांच्या हातात दिला. त्या जावयाचं आणि आबांचं आजतागायत गूळपीठ आहे.

स्वतःजवळ मात्र त्यांनी एक जुनाट बटणाचा फोन जपला होता. आकडे झिजलेले, पाठीला रबर गुंडाळलेलं. त्या जातीच्या फोनांचा एक गुण आता लोक विसरले आहेत: ज्या टॉवरच्या हद्दीत जाल त्या टॉवरचं नाव पडद्यावर उमटायचं. नवे फोन हुशार झाले, त्यांना गावाच्या नावाची गरज उरली नाही. एसटीत बसलं की आबा तो फोन तळहातावर धरून एकेक नाव वाचत, आणि मास्तरकीचा आवाज म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "लोहा गेलं. माळाकोळी आली." एकदा एका म्हातारीनं हे ऐकलं आणि बेल मारायला लावून टोपलीसकट उतरली. टॉवरची हाक गावाच्या कितीतरी अलीकडं पोचते, हे तिला कुणी सांगावं? कंडक्टर आबांवर खवळला. आबा तिच्या मागोमाग उतरले, तिची टोपली घेतली आणि उन्हातून माळाकोळीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. हा माणूस मला आवडतो तो अशा गोष्टींमुळं.

त्याच रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडं एका वळणाशी, आबा न चुकता गप्प व्हायचे. टोपी काढून मांडीवर ठेवायचे. मी एकदा वाकून पडद्याकडं बघितलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, बोरदरा. या रस्त्यानं मी कैक वर्षं जातोय, असलं गाव मी ऐकलं नव्हतं. विचारलं, कुठं आलं हे? आबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर धरणाचं पाणी होतं. लांबवर पसरलेलं, मध्ये एका बुडालेल्या लिंबाचा वाळका शेंडा, त्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. 

ते त्यांचं गाव. धरण झालं तेव्हा माणसं उठवून माळावर वसाहतीत नेली, आणि वसाहतीला लोक नुसतं वसाहत म्हणू लागले. पुढं जिल्ह्याचा नकाशा रंगवून घेताना आबांनीच पोरांना सांगितलं की इथं निळा खडू वापरा. "गावानं आमाला येशीच्या आत कधी घेतलं न्हाई पाव्हणं," ते मला म्हणाले, "पण पाण्यानं नेताना पयला लंबर आमचाच लावला." आमच्या लोकांची वस्ती नेहमी गावाच्या खालच्या अंगाला असायची, हे मला सांगावं लागलं नाही, मीही तसल्याच वस्तीतला. सगळं बुडालं, पण गावाशेजारची टेकडी वर राहिली, टेकडीवरचा टॉवर राहिला, आणि त्याचं नाव बदलायचं कंपनीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. नकाशातून, पाटीवरून, कागदावरून गेलेलं गाव तेवढं हवेत शिल्लक होतं, आणि ते वाचायला नऊशेचा जुना बँड लागत होता.

हे सगळं मायसाठी चाललं होतं. माय म्हणजे आबांची आई. खूप थकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं, मुलाला कधी ओळखायची, कधी मास्तर म्हणायची. रोज दुपार झाली की ती आपलं बोचकं बांधून दारात बसे आणि म्हणे, घरी चला. हेच घर आहे म्हटलं की रडायची. जेवायची नाही, औषध घ्यायची नाही. मग आबा रिक्षा बोलावत आणि तिला पाण्याकाठी नेत. एका बाभळीखाली घोंगडी टाकून बसवत, फोन तिच्यापुढं धरत आणि मोठ्यानं वाचत, "माय, बोरदरा आलं." एवढ्यानं ती निवायची. घटकाभर पाण्याकडं बघत बसायची आणि परत येऊन दोन घास खायची. यात एक गोष्ट आबांनी मला फार हळू आवाजात सांगितली. मायला अक्षर येत नव्हतं, पडदाही दिसत नव्हता. पण फोनवर नाव उमटायच्या जरासं आधी ती पदर सावरायची.

आमच्या घरात हे बोलायची सोय नव्हती. भूतखेत, देव अंगात येणं, असलं काही आम्ही मानत नाही. लहानपणी भूत शब्द काढला तर वडील हात उगारायचे. आबा तर वर्गात विज्ञानाचा तास नसतानाही विज्ञान सांगणारे. ते म्हणत, म्हातारं माणूस आहे, हवेचा अंदाज येत असेल. मी म्हणे, असेल. आणि दोघंही दुसरं काहीतरी बोलू लागायचो.

मग त्या फोनाची बॅटरी फुगली, पाठीमागचं झाकण बसेना, आणि एक दिवस तो बंदच पडला. वजिराबादेतल्या त्या सगळ्या फेऱ्या तेव्हाच्या. माय उपाशी बसायची आणि आबा भिंग घेऊन दुकानोदुकानी फिरायचे, हे कळल्यावर मला माझ्या हसण्याची लाज वाटली. शेवटी धर्माबादच्या एका दुरुस्तीवाल्याच्या खणात, मेलेल्या फोनांच्या ढिगात, त्याच जातीचा एक जिवंत सापडला. वारस सापडावा तसे आबा तो घेऊन घरी आले.

आणि पुढच्याच आठवड्यात मी बसमधून पाहिलं, त्या वळणाशी एक ट्रक उभा होता आणि त्यात लोखंडी पट्ट्या रचलेल्या होत्या. वर बघितलं. टेकडी बोडकी. मी आबांना फोन करून सांगितलं.   ते म्हणाले, रविवारी या.

रविवारी गेलो. उन्हाळा ऐन भरात होता. मायला रिक्षात बसवल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. "मायला थोडंच वाचाया येतंय? मी म्हणीन आलं म्हणून," ते म्हणाले. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेला माणूस. ते म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

बाभळीखाली बसलो. टेकडीवर सिमेंटचे ओटे तेवढे उरले होते. आबांनी फोन तिच्यापुढं धरला. पडद्यावर काहीच नव्हतं, रेंजची एक काडीसुद्धा नव्हती. "माय, बोरदरा आलं," आबा म्हणाले. 

माय पाण्याकडं बघत होती. "आजून न्हाई," ती म्हणाली.

आम्ही बसून राहिलो.  ऊन डोक्यावर आलं. मग वारा पडला. बाभळीचं पान हलेना, पाण्यावरची सुरकुती गेली, पाणकावळ्यांनी पंख मिटले. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला, गाव जवळ आल्यावर गाडीतल्या बाया करतात तसा. आबांच्या हातातला फोन वाजला, एकदाच. पडद्यावर नाव होतं. रेंज पूर्ण भरलेली होती. मी टेकडीकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं पाहिलं.

"आलं," माय म्हणाली. "गिरणी चालू हाय बघ. दळण घेऊन ये, जा."

मला गिरणी ऐकू आली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण आबा उठले. आईनं काम सांगितल्यावर पोरगं उठतं तसे निमूट उठले, चपला काठावर काढल्या आणि पाण्यात चालू लागले. पाणी गुडघ्याला लागलं तरी थांबेनात. मी धावत जाऊन त्यांचा सदरा मागून धरला. त्यांनी वळून बघितलं ते मला न ओळखता. तेवढ्यात वारा सुटला, आणि त्यांच्या हातातला पडदा कोरा झाला. माय घोंगडीवर शांत झोपली होती.

नंतर मी एका ओळखीच्या तंत्रज्ञाला गाठून विचारलं. तो म्हणाला, पाण्यावरून लांबच्या टॉवरची लहर कधी कधी येते, कुठंतरी जुनं नाव राहिलं असेल. मी मान डोलावली. लहर येत असेल हो. पण ती आधी आलेली नाही आणि मग आली, हे मायला कसं कळलं, ते मी त्याला विचारलं नाही.

थंडीत माय गेली. झोपेतच गेली, आणि आदल्या दिवशी पोटभर जेवली होती, हे आबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जमलेल्या माणसांबरोबर बुद्धवंदना झाल्यावर त्यांनी तो फोन तिच्या फोटोशेजारी ठेवला, थोड्या वेळानं उचलला आणि पुन्हा खिशात घातला.

आता त्यांचं दुकानांत जाणं थांबलंय. फोन दाखवला तर "हाय चांगला" म्हणून न बघताच परत देतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. भिंग कुठं ठेवलं ते त्यांना आठवत नाही. गेल्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात दाखवून मी त्यांना एसटीनं घरी पोचवत होतो. लोहा गेलं, माळाकोळी गेली, कुणी नाव घेतलं नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते झोपले होते. ते वळण आलं. त्यांच्या खिशातला फोन मी अलगद काढून पाहिला, पडदा कोरा होता. पण मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "आबा, बोरदरा आलं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आजून न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले.

मी तो फोन परत खिशात ठेवला नाही. अहमदपूर येईपर्यंत एका हातात तो धरून बसलो, आणि दुसऱ्या हातात आबांचा सदरा.