माझ्या नावावरचा शेरा

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. सेलू, वाचनालयाचा वरचा हॉल. मुकुंदरावांच्या शोकसभेला हजर: त्यांच्या पत्नी मालतीवहिनी, नाट्यमंडळाचे उरलेले सात जण, चुडाव्याहून रेल्वेने आलेला सुधाकर आणि मी. हजेरी मांडायची सवय जात नाही.

मुकुंदराव आमचे दिग्दर्शक. नाटक त्यांचं, याद्या माझ्या, अशी आमची वाटणी होती. माणूस मोठा होता, हे आधीच लिहून ठेवते. बाजारातल्या हमालाला थांबवून, हे वाक्य तू कसं म्हणशील, असं विचारणारा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने गावात उघड बोलणारे मोजके होते, तेव्हा ते भर चौकात बोलले. मी शेजारीच उभी होते, ताठ मानेनं.

त्याच वर्षी नव्या नाटकासाठी मुलं निवडायची होती. मुख्य भूमिका सालगड्याची. शाळेच्या वर्गातली बाकं मागे सरकवून आम्ही एकेकाला उभं केलं. गडी मालकाला पहिल्यांदाच नकार देतो, तो प्रसंग. बाकीच्यांनी आवाज चढवले. सुधाकर तेव्हा कॉलेजात होता, चुडाव्याच्या बौद्ध कुटुंबातला. तो खाली बघत हळूच म्हणाला, "न्हाई जमायचं, मालक..." आणि मग वर बघितलं. मुकुंदरावांनी चष्मा पुसला. "सुमन, झालं आपलं काम." शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'हाच'.

दोन दिवसांनी त्यांनी दुसरं नाव सांगितलं. सुधाकरची परीक्षा आहे, तोच नको म्हणाला, म्हणे. मी यादी बदलली. सुवाच्य अक्षरात.

शोकसभेनंतर जिन्यात सुधाकर भेटला. आता शिक्षक आहे. हसत म्हणाला, "ताई, आता तरी नीट बोलता येतंय ना मला?"

"म्हणजे रे?" मी विचारलं.

"तुमीच शेरा मारला होता न्हवं, उच्चार गावठी म्हणून? सर म्हणाले, माझा लय जीव होता रे, पण सुमनताईंपुढं माझं काही चालंना."

"मी असं लिहिलंच नव्हतं."

"असू द्या, ताई. वर्षभर आरशापुढं 'न्हाई'चं 'नाही' करत बसलो. आता वर्गातली पोरंबी शुद्ध बोलायलीत." गाडीची वेळ झाली, तो गेला.

इतकी वर्षं मी एका मुलाच्या मनात तशी राहिले होते... आणि मुकुंदराव रोज माझ्या हातचा चहा घेत होते.

हा लेख इथवर लिहून मालतीवहिनींना आधी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "घाबरले होते गं. कुणीतरी घरी येऊन बजावून गेलं होतं, त्याला घेतलं तर प्रयोग होऊ देणार नाही. दोन दिवस नीट जेवले नाहीत. लिही तू." मलाही सांगितलं असतं, तर कदाचित मीही घाबरले असते. पण ती भीती निदान आमची दोघांची राहिली असती. त्यांनी माझं नाव पुढं केलं.

चुडाव्याला जायचं काम तीन रविवार यादीत आहे. मी काय लिहिलं होतं, ते सांगणं सोपं आहे. पण तू खरंच नको म्हणालास का, हे मी तेव्हा त्याला एकदाही विचारलं नाही. त्याचं काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.