आत्याची माशी

वसई तालुक्यात माशीला माणसासारखा मान देणारी एकच व्यक्ती होऊन गेली, ती म्हणजे माझी आत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली आणि वटारच्या आमच्या वाडीत भिंग घेऊन हिंडू लागली. घरात माशी मारायची सोय नव्हती. "आधी पंख मोज!" ती ओरडायची. चार असले तर मधमाशी, दोन असले तर माशी; आणि तोवर ती भुर्र! ताईला बघायला विरारची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांच्या टकलावर एक पट्टेरी बाई उतरल्या. "हलू नका!" म्हणत आत्या भिंग घेऊन त्यांच्या डोक्यावर ओणवी झाली. "दोनच! माशीच!" ती आनंदाने किंचाळली. पोहे तसेच राहिले, स्थळही.

ही पट्टेरी माशी, आत्याच्या मते, जगात फक्त आमच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत, कुजक्या पाण्यात जन्म घ्यायची. नेमका तोच आंबा बाबांना तोडायचा होता, कारण त्यांनी जुनी का होईना, मोटार घेतली होती आणि तिला छप्पर हवं होतं. "बाळ्या, आधी माझ्यावर कुऱ्हाड चालव," आत्या म्हणाली. पन्नाशीच्या बाबांना सबंध वाडीत बाळ्या म्हणणारी तीच एक. शेवटी ठरलं, मुंबईचा कीटकांचा जाणकार सांगेल ते खरं.

जाणकार आले, दोनदा चहा प्यायले, ढोलीत डोकावले. "बाई, ओळख अचूक. राहायची जागाही अचूक. पण ही काही दुर्मीळ नाही हो. जुन्या झाडांच्या ढोलीत सगळीकडे सापडते."

आत्याचा चेहरा एवढासा झाला. मला भारी वाईट वाटलं. "हरले मी. बोलाव तुझा कुऱ्हाडवाला," ती म्हणाली.

बाबांनी जाणकारांना विचारलं, "सगळीकडे म्हणजे जुनी झाडं असतील तिथेच ना?"

"अर्थात."

आचोळ्याला बाबांच्या मित्राची जुन्या झाडांची वाडी होती. तिथे आता चार मजली इमारत उभी होती. बाबा उठले आणि मोटार आंब्याखाली नेऊन लावली. पुढे मोटार होती तोवर तिच्यावरचा चीक पुसताना ते आत्याच्या नावाने खडे फोडत.

आत्या गेली, मोटार भंगारात गेली. आंबा आहे. परवा ओटीवर बाबांच्या कानाशी काहीतरी गुणगुणलं, म्हणून मी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली. डोळ्यांना धड न दिसणारे बाबा खेकसले,

"मेल्या, आधी पंख मोज!"