गुडखालची लाल रेघ

रजिस्टरमध्ये कुणी 'गुड' लिहिलं की आप्पा त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायचे, पेन्सिल कानावर अडकवायचे आणि लिहिणाऱ्याला हाक मारायचे. "इकडे ये भो. गुड म्हंजे नेमकं काय शे?"

शब्दाला अडून बसणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण बहुतेक शाळेत किंवा वाचनालयात. आमचा सातपूरच्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टचा फोरमन होता. पत्रा कापून दाबून त्याचे सुटे भाग करायचं आमचं काम. नव्वदीची सुरुवात होती. माल घेणारे लोक तपासायला येत, म्हणून शिफ्ट बदलताना मशिनचं रजिस्टर इंग्रजीत भरायचा नियम होता. आम्ही सगळे पोटापुरतं इंग्रजी जाणणारे. गार्ड गुड, ब्रेक गुड, ऑइल गुड, की तीनला बस पकडायला मोकळे.

"मिसळ गुड, साहेब गुड, आन् ब्रेकबी गुड?" आप्पा म्हणत. "तिघांत काही फरक शे का नाय?"

आप्पा सटाण्याकडचे, दहावी नापास. रविवारी फूटपाथवरून त्यांनी एक जुनी डिक्शनरी आणली होती. तिची सुरुवातीची पानं उडालेली, त्यामुळे 'ए'वरून सुरू होणाऱ्या शब्दांशी त्यांची ओळखच नव्हती. आम्ही मुद्दाम तेच विचारायचो. "त्या गल्लीत आपलं जाणं नाय," ते शांतपणे सांगत.

त्या डिक्शनरीतून त्यांनी एका पुठ्ठ्यावर 'गुड'ऐवजीचे शब्द उतरवून टेबलावर टांगले होते. साउंड: आतून ठणठणीत. फर्म: हलणार नाही असा. क्लीन, टाइट, फिट. माणसासाठी वेगळे: काइंड म्हणजे मायाळू, ऑनेस्ट म्हणजे खरं बोलणारा. मशिनला काइंड लिहायचं नाही, हेही खाली लिहिलेलं होतं, कारण एकाने ते लिहिलं होतं.

मी नवा होतो आणि मला या खेळाची गोडी लागली. मी पहिल्या शिफ्टला होतो. ती संपली की रजिस्टर आप्पांच्या हातात जायचं. त्यात पुठ्ठ्यावर नसलेला शब्द दिसला की ते चष्मा वर करून "वा भो!" म्हणायचे. त्या 'वा'साठी मी भाच्याचं शाळेचं पुस्तकसुद्धा चाळायचो. खरं सांगायचं तर मशिनपेक्षा शब्दच जास्त तपासायचो.

त्या दिवशी मला गंगापूर रोडला मुलगी बघायला जायचं होतं. नोकरीत पक्कं व्हायला दोन महिने राहिले होते आणि मुलीच्या वडिलांची अट एकच होती, नोकरी पक्की हवी. चार नंबरच्या प्रेसचा ब्रेक तपासायचा म्हणजे माल न लावता दहा स्ट्रोक मारायचे आणि वरचा ठोकळा प्रत्येक वेळी वर जाऊन थांबतो का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. हातपाय धुतले, भांग पाडला आणि ब्रेकच्या रकान्यात एक ताजा शब्द लिहिला: रिलायबल.

आप्पांनी तो बोट ठेवून वाचला. "वा भो! भरवशाचा. हा तर माझ्यापाशीबी नव्हता." पेन्सिल कानावरून खाली आलीच नाही.

मी गेटपर्यंत पोचलो आणि मागून ओरडा ऐकू आला. मी धावत आलो. पत्र्याची पट्टी अडकली म्हणून आप्पांनी ती काढायला हात घातला होता, आणि वर थांबलेला ठोकळा बटण न दाबता पुन्हा खाली आला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी रजिस्टरजवळ उभा होतो. कुणीतरी मला पाणी आण म्हणून सांगत होतं आणि मला ते कळत नव्हतं. आजही ते दृश्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

चौकशीत साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "इथे रिलायबल लिहिलंय. खरंच तपासलं होतं का?"

पट्टी बांधलेला हात छातीशी धरून आप्पा म्हणाले, "तपासलं होतं साहेब. दहा स्ट्रोक त्यानं माझ्यासमोर मारले. मोटर चालू ठेवून हात मी घातला. चूक माझी."

मी थक्क झालो. ज्या माणसाला 'गुड'सुद्धा सैल वाटायचं, तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही माझ्यासाठी. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मी पक्का झालो, लग्न झालं, आणि आप्पा नोकरी सोडून गावी गेले.

सटाण्याला जायला मला दहा वर्षं लागली. ओटीवर बसून ते डाव्या हाताने चहा पीत होते. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "आप्पा, त्या दिवशी मी ब्रेक तपासला नव्हता."

"माहीत शे."

"कधीपासून?"

"तवापासूनच. पावणेतीनला, ब्रेक तपासायच्या टायमाला, तू नळावर भांग पाडत व्हता. मी पाह्यलं ना." त्यांनी कप खाली ठेवला. "पण शब्द इतका चांगला लिहिला व्हता भो. म्हटलं, एवढा शब्द कोणी उगाच लिहीत नाय."

मला रडू आलं. आप्पांनी पाठीवर तो दोन बोटांचा हात ठेवला आणि पोरं किती आहेत, ते विचारलं.

आता मी फोरमन आहे. आमच्या रजिस्टरमध्ये ब्रेकसमोर शब्द लिहीत नाहीत, किती स्ट्रोक मारले तो आकडा लिहितात, आणि ते मारताना मी समोर उभा असतो.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. मातीला जाऊन आलो. घरी बायकोने अंघोळीचं पाणी काढून दिलं आणि विचारलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांच्याबद्दल. कसे होते हो?"

या बाईशी माझं लग्न झालं ते त्या माणसाच्या खोट्यामुळे, आणि तिला ते माहीत नव्हतं.

"गुड," मी म्हणालो.

खरा शब्द मला येत होता. पण तो मी चार नंबरच्या ब्रेकच्या रकान्यात वापरून बसलो होतो.